‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ : ‘गीतारहस्या’तील एका प्रकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

‘कर्म’ हा शब्द मराठीत दोन जवळजवळ परस्परविरोधी अर्थांनी रूढ आहे. संस्कृतात कर्म म्हणजे कृती. कर्त्याने स्वतः केलेली गोष्ट. बोलीत मात्र ‘काय माझे कर्म!’ असा उद्गार निघतो, तेव्हा बोलणाऱ्याला स्वतःची कृती अभिप्रेत नसते. न करता वाट्याला आलेली आपत्ती अभिप्रेत असते. ‘कर्मदरिद्री’, ‘कर्माला बोल लावणे’ या प्रयोगांत हाच अर्थ आहे. ‘कर्मधर्मसंयोग’ या शब्दात तर कर्माचा अर्थ थेट योगायोगाशी जाऊन मिळाला आहे. याउलट ‘दैव देते आणि कर्म नेते’ या म्हणीत कर्म हे दैवाच्या विरुद्ध बाजूला उभे आहे. दैवाने दिलेले माणूस स्वतःच्या कृतीने घालवतो, असा तिचा आशय आहे. एकच शब्द कधी माणसाकडे जबाबदारी सोपवतो, तर कधी ती त्याच्याकडून काढून घेतो.

हा केवळ अर्थच्छटांचा प्रश्न नाही. कर्मसिद्धान्तात संकल्पस्वातंत्र्याला जागा आहे काय आणि असल्यास नैतिक जबाबदारीचा विस्तार कोठवर होतो, हा हिंदू तत्त्वचिंतनातील जुना वाद या शब्दाच्या दुहेरी वापरात साठलेला आहे. आधुनिक मराठीत या वादाची सर्वांत सविस्तर मांडणी लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्य’ या ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात, ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या शीर्षकाखाली झाली आहे. ग्रंथाचा मसुदा मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात तयार झाला आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला. प्रस्तुत लेखात या प्रकरणाची चिकित्सा केली असून, ती करताना बुलढाणा जिल्ह्याशी निगडित दोन वाङ्मयीन परंपरा पडताळ्यासाठी घेतल्या आहेत. पहिली आहे मेहुणा राजा येथील चोखामेळा-परिवाराची अभंगरचना आणि दुसरी शेगावची ‘श्रीगजाननविजय’ ही पोथी. ‘स्वतःच्या पुढील आचरणासंबंधी माणूस स्वतंत्र आहे काय’ या प्रश्नाला टिळक समर्थ उत्तर देतात. परंतु ‘दुसऱ्याच्या दुःखासंबंधी माणूस जबाबदार आहे काय’ हा प्रश्न या प्रकरणात अनुत्तरित राहतो, असे येथील प्रतिपादन आहे.

शास्त्रीय पार्श्वभूमी

कर्मसिद्धान्ताचा मूळ हेतू नैतिक आहे. केलेले कर्म फळ न देता नष्ट होणे हा ‘कृतनाश’ आणि न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येणे हा ‘अकृताभ्यागम’. हे दोन्ही दोष टाळण्यासाठी भारतीय दार्शनिकांनी कर्म आणि फळ यांचा अतूट संबंध मानला. एका जन्मात हा हिशेब पुरा होताना दिसत नाही, म्हणून पूर्वजन्म आणि पुनर्जन्म यांचा स्वीकार झाला. येथपर्यंत सिद्धान्त जबाबदारीच्या बाजूने उभा आहे. अडचण पुढे येते. आजचे सुखदुःखच नव्हे तर आजची बुद्धी आणि प्रवृत्तीही पूर्वकर्मानुसार घडत असेल, तर आजची कृती स्वतंत्र कशी मानावयाची? आणि ती स्वतंत्र नसेल तर विधिनिषेधाला, पर्यायाने धर्मशास्त्रालाच, अर्थ काय उरतो?

ब्रह्मसूत्रांनी हा प्रश्न टाळलेला नाही. दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जीवाला कर्ता मानले आहे आणि त्यासाठी दिलेले कारण महत्त्वाचे आहे. जीव कर्ता नसेल तर शास्त्राच्या आज्ञा निरर्थक ठरतील (२.३.३३). त्यापुढे हे कर्तृत्व ईश्वराधीन असल्याचे म्हटले आहे (२.३.४१) आणि लगेच ईश्वर जीवाच्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच त्याला प्रवृत्त करतो, अशी पुस्ती जोडली आहे (२.३.४२). गीतेतही हाच ताण दिसतो. तिसऱ्या अध्यायात प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, तेथे निग्रह काय करणार, असे म्हटले आहे (३.३३), आणि पुढच्याच श्लोकात रागद्वेषांच्या ताब्यात जाऊ नये, असा आदेश आहे (३.३४). अठराव्या अध्यायात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसविल्याप्रमाणे फिरवतो, असे सांगितल्यानंतर (१८.६१) दोनच श्लोकांनी अर्जुनाला विचार करून इच्छेस येईल तसे करण्याची मोकळीक दिली आहे (१८.६३). याज्ञवल्क्यस्मृतीने दैव आणि पुरुषकार यांना रथाच्या दोन चाकांची उपमा देऊन व्यवहारापुरता समन्वय साधला. तथापि कोणते चाक किती भार वाहते, हे उपमेने ठरत नाही.

टिळकांचे प्रतिपादन

टिळकांचे वैशिष्ट्य हे की, त्यांनी हा प्रश्न परंपरेतून उचलला आणि युरोपीय नीतिशास्त्राच्या समोर ठेवून तपासला. सृष्टी कार्यकारणाच्या अभेद्य नियमांनी चालते, ही आधिभौतिक शास्त्रांची भूमिका त्यांना ठाऊक आहे. कांट आणि ग्रीन यांची मतेही त्यांच्या विवेचनात येतात. कर्मविपाकाचा नियम आणि निसर्गनियम यांच्यातील साम्य त्यांनी लपविलेले नाही. उलट कर्माचे चक्र अनादी असून एकदा सुरू झालेला व्यापार ईश्वरदेखील मोडीत नाही, असे सांगून त्यांनी अडचण शक्य तितकी तीव्र केली आहे. प्रकरणाचा प्रामाणिकपणा येथे दिसतो.

त्यांच्या उत्तराचे दोन भाग पडतात. पहिला भाग वर्गीकरणाचा आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही कर्माची प्रचलित तीन भागांची वाटणी टिळकांना शास्त्रशुद्ध वाटत नाही. ब्रह्मसूत्राच्या (४.१.१५) आधारे ते संचिताचे दोनच भाग मानतात. ज्याचे फळ भोगण्यास सुरुवात झाली ते प्रारब्ध आणि ज्याची अद्याप सुरुवात झाली नाही ते अनारब्ध. प्रारब्ध हे धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखे आहे. त्याचा वेग संपेपर्यंत ते भोगलेच पाहिजे. अनारब्ध मात्र ज्ञानाने दग्ध होऊ शकते. या फेरमांडणीमुळे ‘सर्व काही ठरलेले आहे’ या समजुतीला आळा बसतो, कारण ठरलेल्या गोष्टींचे क्षेत्र सुटलेल्या बाणापुरतेच मर्यादित होते.

दुसरा भाग आत्म्यासंबंधी आहे. बुद्धी कर्मानुसार चालते, हे टिळक मान्य करतात. म्हणून स्वातंत्र्याचे स्थान ते बुद्धीत शोधत नाहीत. बुद्धीच्या पलीकडील आत्म्यात शोधतात. देहात वास करणारा आत्मा परब्रह्माचाच अंश असल्याने मुळात कर्मसृष्टीच्या नियमांबाहेरचा आहे. बंधनातून सुटण्याची प्रेरणा त्याच्याकडून उठते आणि तीच माणसाला मोक्षाच्या मार्गावर आणते. देहेंद्रियांच्या साधनांशिवाय आत्म्याला काही करता येत नाही. परंतु हत्यारांविना सुताराचे काम अडते म्हणून कोणी सुताराला हत्यारांचा गुलाम म्हणत नाही. प्रयत्न थोडा झाला तरी वाया जात नाही, या गीतेच्या आश्वासनाशी (२.४०) टिळक हे विवेचन नेऊन जोडतात आणि स्वतःचा उद्धार स्वतःच करावा (६.५) या उपदेशाला त्यातून तात्त्विक आधार मिळतो. निवृत्तीकडे झुकलेल्या कर्मविचाराला कर्तृत्वाकडे वळविण्याचे हे कार्य मराठी वैचारिक वाङ्मयात अपूर्व आहे.

पहिली मर्यादा : स्वतंत्र कोण आणि उत्तरदायी कोण?

तथापि या उत्तरात एक फट राहते. जो आत्मा स्वतंत्र आहे तो वेदान्तानुसार सर्व भूतांत एकच आहे आणि स्वरूपतः अकर्ता आहे. जो माणूस कृत्याबद्दल उत्तरदायी धरला जातो, तो मात्र विशिष्ट देहाचा, विशिष्ट बुद्धीचा, नावागावाचा माणूस आहे. लाच घेणारा कारकून आणि ती नाकारणारा कारकून यांच्यातील आत्मा एकच असेल, तर दोघांच्या निवडीतील फरक आत्म्यामुळे पडला असे म्हणता येत नाही. तो फरक बुद्धीमुळे पडला म्हणावे तर बुद्धी कर्माधीन असल्याचे आधीच मान्य केले आहे. देहाच्या उपाधीने युक्त असा जीवात्मा हा कर्ता, असे उत्तर शास्त्रात उपलब्ध आहे आणि टिळक त्याचाच आश्रय घेतात. परंतु उपाधी हीच कर्माने घडलेली असल्याने प्रश्न एक पायरी मागे सरकतो, सुटत नाही.

शिवाय टिळकांनी सिद्ध केलेले स्वातंत्र्य प्रामुख्याने मोक्षाभिमुख आहे. बंधनातून सुटण्याची ओढ आत्म्याची, हे मान्य केले तरी बाजारातील, कचेरीतील, घरातील रोजच्या निवडीला ते कसे लागू पडते, हे विवेचनात पुरेसे उलगडत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव अशी कर्माची पाच कारणे दिली आहेत (१८.१४). त्यांत दैव पाचवे आहे आणि कर्ता स्वतंत्रपणे मोजला आहे. रोजच्या नैतिक व्यवहारासाठी हे विश्लेषण अधिक उपयुक्त आहे, कारण एका कृतीची जबाबदारी अनेक घटकांत कशी विभागली जाते हे त्यातून दिसू शकते. दहाव्या प्रकरणाची इमारत या श्लोकावर उभारली असती, तर दैवाचा वाटा मान्य करूनही कर्त्याचा वाटा वेगळा काढता आला असता.

इ. स. १९०८ : एका शिक्षेचे दोन अर्थ

टिळकांच्या ग्रंथाचे मोल त्यांच्या चरित्रापासून वेगळे काढता येत नाही, कारण हे प्रकरण लिहिणारा कैदी स्वतः एका शिक्षेचा भोग घेत होता. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात आधारभूत धरलेल्या लेखांपैकी एकाचे शीर्षक ‘देशाचे दुर्दैव’ असे होते. शीर्षकात दुर्दैव असले तरी लेखात दोष दैवाला दिलेला नव्हता. मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटासारख्या घटनांमागील कारण राज्यकर्त्यांच्या जुलमी धोरणात शोधलेले होते. याचसाठी तो लेख सरकारला खुपला. दैवाचे नाव घेऊनही मानवी जबाबदारी नेमकेपणाने दाखविता येते, याचा हा लेख नमुना आहे.

त्याच वर्षी २२ जुलै रोजी सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळकांनी न्यायालयात जे सांगितले, तेही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ज्यूरीने दोषी ठरविले तरी आपण निर्दोष आहोत, हे त्यांनी प्रथम सांगितले. त्यानंतर न्यायालयाहून वरिष्ठ अशा शक्तीचा उल्लेख करून, आपल्या मुक्ततेपेक्षा आपल्या दुःखभोगाने अंगीकृत कार्याचा उत्कर्ष व्हावा अशी तिची इच्छा असू शकेल, असा आशय त्यांनी व्यक्त केला. येथे नियतीचा आधार घेतला आहे तो स्वतःच्या दुःखाला अर्थ देण्यासाठी. त्या आधाराने न्यायालयाचा निर्णय मात्र योग्य ठरविलेला नाही. निर्दोषत्वाचा दावा शेवटपर्यंत कायम आहे.

हीच शिक्षा वऱ्हाडात वेगळ्या रीतीने वाचली गेली. दासगणूंनी १९३९ मध्ये रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ या २१ अध्यायांच्या पोथीत पंधरावा अध्याय टिळकांसंबंधी आहे. अकोल्याच्या शिवजयंती उत्सवास गजानन महाराजांची उपस्थिती, टिळकांच्या बंधनाची त्यांना असलेली पूर्वकल्पना, शिक्षेच्या काळात शेगावहून प्रसाद म्हणून पाठविलेली भाकरी आणि या बंधनातून घडलेले ‘गीतारहस्या’सारखे कार्य, अशी कथेची मांडणी आहे. पोथी शिक्षा टाळीत नाही. तिच्यातून निपजणाऱ्या कार्याकडे श्रोत्याचे लक्ष वळवते. शेगाव आणि संग्रामपूर या शेजारच्या तालुक्यांत ही पोथी घरोघरी वाचली जाते, म्हणून तिच्यातील प्रारब्धविचाराला सामाजिक वजन आहे.

कथेच्या ऐतिहासिक तपशिलांची छाननी हा येथील विषय नाही. लक्षणीय बाब ही की, न्यायालयातील टिळक आणि पोथीतील टिळक यांच्यात विरोध नाही. दोन्हीकडे नियती ही भोगणाऱ्याच्या बाजूने बोलते. तिच्यामुळे भोगणारा खचत नाही आणि शिक्षा देणारा सुटतही नाही. कर्मविचाराचा हा प्रथमपुरुषी वापर होय. ‘माझ्या वाट्याला आलेले मी कसे स्वीकारावे आणि त्यातून पुढे काय करावे’ हा त्याचा विषय आहे आणि टिळकांचे दहावे प्रकरण या वापराचे उत्तम तत्त्वज्ञान आहे.

दुसरी मर्यादा : दुसऱ्याचे प्रारब्ध

खरा प्रश्न उद्भवतो तो कर्मविचाराचा तृतीयपुरुषी वापर होतो तेव्हा. ‘त्याच्या वाट्याला आलेले त्याच्याच कर्माचे फळ’ असे म्हणणाऱ्या माणसाचे नैतिक स्थान काय? जिल्ह्याच्या उत्तर भागातील शेगावची पोथी जसा पहिल्या वापराचा पडताळा देते, तसा दुसऱ्या वापराचा पडताळा दक्षिण टोकाच्या मेहुणा राजा येथील परंपरेतून मिळतो. देऊळगाव राजा तालुक्यातील हे गाव चोखामेळ्याचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते.

चोखामेळ्याच्या नावावरील एका अभंगात स्वतःच्या हीन मानल्या गेलेल्या जातीचे कारण पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेत शोधले असून, वाट्याला आलेला विटाळ हे त्याच पूर्वकर्माचे फळ असल्याचे म्हटले आहे. वरवर पाहता हा प्रथमपुरुषी वापर आहे. बोलणारा स्वतःविषयी बोलत आहे. परंतु टिळकांच्या न्यायालयीन निवेदनाशी तुलना केली की भेद स्पष्ट होतो. टिळक शिक्षा स्वीकारतात, पण दोष स्वीकारीत नाहीत. अभंगातील वक्त्याला शिक्षेबरोबर दोषही स्वीकारावा लागला आहे आणि तो दोषही अशा जन्मातील की ज्याचे स्मरण कोणालाच नाही. येथे शब्द प्रथमपुरुषी असले तरी दृष्टी समाजाची आहे. समाजाने त्याच्याविषयी दिलेला निर्णय त्याच्या तोंडून वदवला गेला आहे. हा अभंग चोखामेळ्याचा की त्याच्या नावावर पुढे चढविलेला, असा संशय घेण्यास जागा आहे; कारण विटाळाच्या कल्पनेलाच आव्हान देणारे, सर्वांचाच देह विटाळातून उत्पन्न झाल्याचे सांगणारे अभंगही याच परंपरेत आहेत. कर्तृत्वाचा निर्णय काहीही होवो, दोन्ही प्रकारचे अभंग एका नावाखाली टिकून राहिले, हेच या वादाची तीव्रता सांगते.

चोखामेळ्याच्या मुलाचे नाव कर्ममेळा होते. त्याच्या नावावरील रचनेत पूर्वजन्माचा आधार घेतलेला नाही. आमची जात हीन कोणी केली, उष्टे खाण्यात सारा जन्म गेला याची लाज तुला कशी वाटत नाही, असा थेट सवाल त्याने देवाला केला आहे. ब्रह्मसूत्रात (२.१.३४) ईश्वरावर येणारा पक्षपात आणि निर्दयता यांचा आरोप जीवांच्या कर्मभेदाचा हवाला देऊन दूर केला आहे. कर्ममेळ्याचा सवाल म्हणजे हा युक्तिवाद नाकारून मूळ आरोप पुन्हा दाखल करणे होय. फळ भोगणाऱ्यानेच केलेली ही फेरतपासणीची मागणी आहे आणि कोणत्याही कर्ममीमांसेने तिची दखल घेणे भाग आहे.

या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी पावसाची उपमा दिली आहे. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो. भात आणि जव यांतील भेद बीजामुळे होतो. तसाच ईश्वर साधारण कारण असून विषमता जीवाच्या कर्मामुळे येते. उपमा मार्मिक आहे, पण तीत एक घटक गळला आहे. पाऊस आणि बी यांच्या जोडीला शेत असते. एकच बी काळ्या कसदार जमिनीत आणि मुरमाड बरडावर सारखे उगवत नाही, हे कोणत्याही कोरडवाहू शेतकऱ्याला ठाऊक असते. कोणाच्या वाट्याला कोणती जमीन आली, पाट कोठवर पोहोचला, कोणाला विहिरीवर येऊ दिले नाही, या गोष्टी पावसाने ठरत नाहीत आणि बियानेही ठरत नाहीत. त्या माणसांनी ठरविलेल्या असतात. ईश्वर आणि जीव यांच्या दुहेरी हिशेबात समाज हा तिसरा कर्ता नोंदलाच जात नाही.

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात नेमकी ही नोंद केली. शूद्र शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधताना ते विद्येच्या अभावापासून वित्ताच्या नाशापर्यंतची साखळी दाखवतात आणि तिची प्रत्येक कडी मानवी व्यवहारातील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आक्षेप तत्त्वाच्या पातळीवर नेला. कर्म आणि त्याचे फळ यांचा संबंध या जन्मापुरता त्यांना मान्य आहे. नैतिक व्यवस्थेसाठी तो आवश्यकही वाटतो. परंतु पूर्वजन्मीचे कर्म या जन्मीच्या दुःस्थितीचे कारण मानले की गरिबांच्या आणि दलितांच्या अवस्थेबद्दलची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकून टाकता येते, असा त्यांचा आरोप आहे. टिळकांच्या प्रकरणाला या आरोपाचे उत्तर द्यावे लागते. १९१५ च्या ग्रंथाकडून पुढे आलेल्या आक्षेपाच्या उत्तराची अपेक्षा करणे कालविपर्यासाचे ठरेल, असे म्हणता येईल. परंतु कर्ममेळ्याचा सवाल त्यापूर्वी कित्येक शतके मराठीतच उपलब्ध होता.

ग्रंथांतर्गत उत्तराची शक्यता

कर्मविपाक मान्य करूनही दुसऱ्याच्या दुःखाची जबाबदारी टाळता येत नाही, असे दाखविण्याची सामग्री ‘गीतारहस्या’च्याच मर्यादेत उपलब्ध आहे. पहिला आधार कर्माच्या अज्ञेयतेचा. कर्माची गती गहन असल्याचे गीता स्वतः सांगते (४.१७). योगसूत्रांनीही पूर्वजन्माचे ज्ञान संस्कारांच्या साक्षात्कारानेच होते, असे म्हणून (३.१८) ते योग्याच्या सिद्धींत घातले आहे. सामान्य माणसाला दुसऱ्याचेच काय, स्वतःचेही संचित ठाऊक नसते. जे कळण्याचा मार्गच उपलब्ध नाही, त्याचा दाखला देऊन समोरच्या दुःखाचा निकाल लावणे हे सिद्धान्ताच्या चौकटीतही अनधिकृत ठरते.

दुसरा आधार टिळकांच्या वर्गीकरणाचा. दुसऱ्याचे दुःख हे त्याचे प्रारब्ध मानले तरी त्याच्याशी कसे वागावे, ही पाहणाऱ्याची कृती त्या क्षणी अद्याप घडावयाची असते. बाण सुटला आहे तो त्याचा. पाहणाऱ्याचा बाण अजून भात्यात आहे. दुसऱ्याच्या प्रारब्धाने स्वतःच्या कर्तव्याचे उत्तर देणे म्हणजे दोन माणसांची खाती एकमेकांत मिसळणे होय. अत्याचार करणाऱ्याने ‘मी त्याच्या प्रारब्धाचे केवळ निमित्त’ असे म्हटले, तर निमित्ताचेही कर्म त्याच्या खात्यावर पडते, हे कर्मसिद्धान्ताचेच म्हणणे आहे.

तिसरा आधार लोकसंग्रह आणि आत्मौपम्य यांचा. ज्ञान्यानेही लोकसंग्रहासाठी कर्म केले पाहिजे, हा तर ‘गीतारहस्या’चा गाभाच आहे. दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या उपमेने जाणावे (६.३२), या तत्त्वाचा विस्तार टिळकांनी बाराव्या प्रकरणात केला आहे. तरीही दहावे प्रकरण आणि ही पुढील विवेचने यांची गाठ स्पष्टपणे घातलेली आढळत नाही. एकीकडे विषमतेचे स्पष्टीकरण कर्मविपाकाने होते, दुसरीकडे विषमतेने पीडित झालेल्यांविषयीचे कर्तव्य आत्मौपम्याने सांगितले जाते. पहिले स्पष्टीकरण दुसऱ्या कर्तव्याची धार बोथट करते काय, हा प्रश्न दोहोंच्या मधल्या जागेत पडून राहतो. ग्रंथाची ही उणीव विचाराच्या दुर्बलतेतून आलेली दिसत नाही. परतंत्र देशातील माणसाला ‘तू काही करू शकतोस’ हे पटवून देणे, हा ग्रंथकर्त्यासमोरील तातडीचा प्रश्न होता आणि त्याने सर्व शक्ती तेथे लावली.

संग्रामपूरचा पडताळा

तत्त्वचर्चेचा कस व्यवहारात लागतो. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरणारा संग्रामपूर तालुका खारपाणपट्ट्यात मोडतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारे आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांचा संबंध या क्षारयुक्त पाण्याशी जोडला जातो आणि त्याविषयी अनेक वर्षे बोलले व लिहिले जात आहे. भूजलातील क्षार भूगर्भीय आहेत. ते कोणाच्या पापाचे फळ नाहीत आणि कोणा एका अधिकाऱ्याने कालवलेलेही नाहीत. या अर्थाने त्याला दैव म्हणावयास हरकत नाही; गीतेच्या पंचकारणांत पाचवे कारण आहेच. परंतु गोडे पाणी नळाने गावापर्यंत येते की नाही, आले तर कोणत्या वस्तीपर्यंत, तपासणी वेळेवर होते की नाही, या गोष्टी उरलेल्या चार कारणांच्या कक्षेत येतात.

अशा आजाराने जर्जर झालेल्या माणसाने ‘माझा भोग’ म्हणून दुःख सोसले, तर त्याला आक्षेप घेण्याचा अधिकार कोणाला नाही. तो प्रथमपुरुषी वापर आहे आणि कित्येकदा माणसाला उभे ठेवणारा तोच एक आधार असतो. मात्र हेच वाक्य शेजाऱ्याने, गावकारभाऱ्याने किंवा शासनयंत्रणेने त्याच्याविषयी उच्चारले की त्याचा अर्थ पालटतो. शब्द तेच राहतात, पण ते आता सांत्वन करीत नाहीत. सुटका करून घेतात. कर्मसिद्धान्ताचे मूल्यमापन त्याच्या सत्यासत्यतेइतकेच तो कोण कोणाविषयी उच्चारतो यावरही अवलंबून आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. सिद्धान्त सत्य असेल तर तो बोलणारा कोणीही असो, सत्यच असणार. वक्त्यानुसार त्याचे मोल बदलणे तर्काला धरून नाही. या आक्षेपाचे उत्तर असे की, येथे सिद्धान्ताचे सत्य वक्त्यावर अवलंबून ठेवलेले नाही. त्याचा अधिकृत उपयोग अवलंबून ठेवला आहे. कर्जदार ‘माझ्याकडे देणे आहे’ असे मान्य करू शकतो. परंतु ज्याने वही पाहिलेलीच नाही, त्याने तिच्या आधारे जप्ती आणणे अन्यायाचे होय. दुसऱ्याच्या पूर्वकर्माची वही कोणीही पाहिलेली नसते.

निष्कर्ष

टिळकांचे दहावे प्रकरण कर्मसिद्धान्ताला दैववादाच्या कह्यातून सोडविण्याचा आधुनिक मराठीतील सर्वांत गंभीर प्रयत्न आहे. प्रारब्धाचे क्षेत्र मर्यादित करून आणि आत्मप्रयत्नाला तात्त्विक अधिष्ठान देऊन त्यांनी संकल्पस्वातंत्र्याची बाजू भक्कम केली. स्वतंत्र आत्मा आणि उत्तरदायी माणूस यांच्यातील अंतर मात्र त्या विवेचनाने पुरते भरून निघत नाही. आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयीची जबाबदारी तेथे प्रश्न म्हणून उपस्थितच होत नाही. चोखामेळा-परिवाराचे अभंग ही उणीव उघड करतात आणि आंबेडकरांचा आक्षेप तिला तात्त्विक रूप देतो. तरीही कर्माची अज्ञेयता, अनारब्धाचे स्वातंत्र्य आणि आत्मौपम्य ही तीन तत्त्वे एकत्र आणली, तर गीतारहस्याच्या भूमिकेवर उभे राहूनच या आक्षेपाला सामोरे जाता येते. त्यासाठी कर्मविपाकाचा वापर स्वतःपुरता ठेवावा लागेल आणि दुसऱ्याचे दुःख पाहताना त्याच्या मागील जन्माऐवजी स्वतःच्या पुढील कृतीचा विचार करावा लागेल. ‘दैव देते आणि कर्म नेते’ या म्हणीतील कर्म हे कृतीच्या मूळ अर्थाचे कर्म आहे. मराठी भाषेने तो अर्थ अद्याप जपून ठेवला आहे. नीतिविचारानेही तो जपणे आवश्यक आहे.